सातवा संदर्भ

शाळेत तिला सगळे 'वकील' म्हणायचे. तिच्या घराण्यात कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नव्हतं, पण ही पोरगी "कशावरून?" विचारल्याशिवाय कुठलीही गोष्ट गिळायची नाही. बाईंनी फळ्यावर तारीख लिहिली की हिची नजर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जायची. काही शिक्षकांना याचं कौतुक होतं. बहुतेकांना डोकेदुखी.

नववीच्या वर्गाला दरवर्षी शोधनिबंध लिहावा लागायचा. चांगले निबंध शिक्षण खात्याच्या स्पर्धेला जायचे, आणि कुठला निबंध चांगला हे ठरवायचे पट्टीसर. शिकवायला त्यांच्याकडे भूगोल होता, पण खिशाला पेनाच्या शेजारी सहा इंची स्टीलची पट्टी लावून फिरत, म्हणून पट्टीसर. वर एक इंच, खाली एक इंच, उजवीकडे एक इंच समास. डावीकडे दीड इंच, कारण तिथे बाईंडिंग होतं. अक्षर बारा आकाराचं, ओळींमध्ये दीड ओळीचं अंतर, सारांश दीडशे शब्दांचा. एकशे एक्कावन्न झाले की निबंध परत. आत काय लिहिलंय याचं मात्र सरांना काही सोयरसुतक नव्हतं. एका वर्षी एका मुलाच्या निबंधात एकच परिच्छेद चुकून तीनदा छापला गेला, तर सरांनी परिच्छेदांमधलं अंतर सारखं राखल्याबद्दल त्याची पाठ थोपटली होती!

सरांच्या कपाटात एक 'नमुना प्रत' होती. पाच पानांची, स्पायरल घातलेली. दरवर्षी तिच्या झेरॉक्स निघायच्या आणि प्रत्येकाने आपला निबंध त्या साच्यात ओतायचा. प्रस्तावनेचं पहिलं वाक्यसुद्धा साच्यातच होतं: 'निरीक्षण हा सर्व ज्ञानाचा पाया आहे.' पुढे कंसात लेखकाचं आडनाव आणि पान त्रेचाळीस. हेच पुस्तक शेवटी संदर्भसूचीत सातव्या क्रमांकावर यायचं: 'निरीक्षणाची मूलतत्त्वे'. कुणी बेडकांवर लिहो, कुणी बसच्या तिकिटांवर, सातवा संदर्भ ठरलेला. तपासणीच्या तक्त्यातली शेवटची, बाविसावी चौकटच तशी होती: 'सातवा संदर्भ आहे का?'

वकिलाने विषय घेतला होता मधल्या सुट्टीतल्या पाण्याच्या रांगेचा. शाळेत नळ आठ, त्यातले चालू तीन. घड्याळ हातात धरून एकवीस दिवस ती रांगेशेजारी उभी राहिली. मोजण्याच्या नादात ती स्वतःही एकवीस दिवस तहानलेली राहिली, आणि आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच. हिशेब निघाला तो असा: एका मुलाला सरासरी अडतीस सेकंद लागतात, वीस मिनिटांच्या सुट्टीत चौऱ्याण्णव मुलांना पाणी मिळतं, आणि रांगेतलं पंचाण्णवावं मूल कोरड्या घशाने वर्गात परततं. शाळेत मुलं होती सव्वाचारशे. मुख्याध्यापकांना तिने दोनदा तोंडी सांगून पाहिलं होतं, पण 'बघू' याच्यापुढे गाडी सरकली नव्हती. निबंध खात्यात पोचला तर तिथलं कुणीतरी हा आकडा वाचेल आणि पाच नळ दुरुस्त होतील, एवढीच तिची आशा होती. बक्षीस गेलं खड्ड्यात.

सहा संदर्भ तिने स्वतः वाचले होते. पाणीपुरवठा कार्यालयाची पुस्तिका तर तिने उभ्या उभ्या, तिथल्या शिपायाच्या नजरेखाली वाचली होती. राहिला सातवा.

"सर, हे पुस्तक वाचायला मिळेल का?" तिने भर वर्गात विचारलं. "पान त्रेचाळीस तरी."

"कशाला?"

"त्याचा संदर्भ द्यायचाय ना, म्हणून."

वर्ग हसला. सरही हसले. "मी वाचलंय ते. चांगलं जाडजूड, हिरव्या पुठ्ठ्याचं आहे. तुला झेपायचं नाही. तू नुसतं नाव घाल."

वकील शाळेच्या ग्रंथालयात गेली. "ते बाहेर गेलंय," ग्रंथपालबाई मान वर न करता म्हणाल्या.

"कधी गेलंय?"

"मी इथे लागायच्या आधीपासून."

"कुणाच्या नावावर?"

आता मात्र बाईंनी मान वर केली. दोघींनी मिळून तीन जुन्या नोंदवह्या पालथ्या घातल्या. पुस्तक बाहेर गेल्याची नोंद नव्हती, आणि मुळात आत आल्याचीही नव्हती. मग वकिलाने गावातली दोन्ही वाचनालयं पाहिली, जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला विचारलं. पुस्तकाचा मागमूस नाही. तिने निबंध पूर्ण केला, सातव्या क्रमांकापुढची जागा कोरी सोडली, ठरलेलं वाक्य गाळलं आणि सरांपुढे ठेवला.

सरांनी पट्टी काढली. चारही समास मोजले, ओळींतलं अंतर मोजलं, एकवीस चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या आणि पेन थांबवलं.

"बाविसावी?"

"ते पुस्तक कुठेच मिळत नाही, सर."

"अकरा वर्षं मुलं ते देताहेत. तीन निबंध वरच्या फेरीत गेले. शिक्षकांच्या मासिकात माझा लेख आलाय, त्यातसुद्धा आहे ते. आम्ही सगळे मूर्ख, आणि तू एकटी दीडशहाणी?"

"त्या सगळ्यांनी वाचलं होतं का?"

सरांनी निबंध मिटून तिच्याकडे सरकवला.

"शुक्रवारी चारला खात्याची खिडकी बंद होते," सर शांतपणे म्हणाले. "मार्गदर्शक म्हणून माझी सही हवी असेल, तर सातवा घालून आणायचा. नसेल तर निबंध घरी नेऊन त्याची विमानं करायची."

"मी वाचलेलं नाही त्याचं नाव घालणार नाही, सर," ती म्हणाली. सरांनी पट्टी खिशाला लावली आणि पुढचा निबंध घेतला.

घरी आईचं मत स्पष्ट होतं. "एक ओळ लिहायची आणि मोकळं व्हायचं. एवढा कसला ताठा?" बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. जेवता जेवता तेही म्हणाले, "सरांशी वाकडं घेऊ नये गं. अडला हरी, गाढवाचे पाय धरी."

"बाबा, प्रत्येक लिफ्टमध्ये ते तपासणीचं कार्ड असतं ना, त्यावर तुम्ही न तपासता सही करता?"

"भलतंच काय! माणसं चढतात त्यात."

"कुणी म्हणालं, अकरा वर्षं सगळे करताहेत, तुम्हीही करा, तर?"

बाबांनी घास गिळला. मग आईकडे बघून म्हणाले, "हिला वकील म्हणतात ते उगाच नाही." आणि पुढे, ताटात बघत, "मुळात ती नमुना प्रत टाइप कुणी केली, ते तरी विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. स्वतःला वकील म्हणवून घेणाऱ्या मुलीला हे सुचू नये याची तिला भयंकर लाज वाटली.

शाळेसमोरच्या गल्लीत टायपिंगवाल्या काकूंचं दुकान होतं. दोन संगणक, एक छपाईयंत्र, बाईंडिंगचं यंत्र आणि कुणी पळवू नये म्हणून टेबलाला सुतळीने बांधलेला स्टेपलर. काकू चोपन्न वर्षांच्या, चष्मा कायम कपाळावर. शाळेचं सगळं टायपिंग त्यांच्याकडे. वकिलाने नमुना प्रत समोर ठेवून सातव्या संदर्भावर बोट टेकवलं, तेव्हा काकूंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"आलं का कुणीतरी शेवटी," त्या म्हणाल्या.

"हे पुस्तक कुठे मिळेल, काकू?"

"कुठेच नाही. ते मी बनवलंय."

"म्हणजे तुम्ही लिहिलंय?"

"अगं, लिहिलं असतं तर काय हवं होतं! नुसतं नाव बनवलंय. तुझ्या सरांनी हाताने लिहिलेले कागद आणून दिले. संदर्भ सहाच होते. सातव्याच्या जागी लिहिलेलं, 'इथे काहीतरी टाका, नियमात सात आहेत.' म्हटलं, मुलांना कळायला हवं ना, साल कुठे घालायचं, स्वल्पविराम कुठे. म्हणून टाकलं. पुस्तकाचं नाव मनाने, साल मनाने. लेखकाचं काही सुचेना, तेव्हा माझंच माहेरचं आडनाव घातलं."

"आणि पान त्रेचाळीस?"

"तेव्हा मला त्रेचाळीसावं चालू होतं."

"आणि ते निरीक्षणाचं वाक्य?"

काकू जराशा लाजल्या. "तेही माझंच. बरं आहे ना?"

"चांगलं आहे," वकील म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. "पण खोटं आहे हे कुठे लिहायला नको होतं?"

"लिहिलं होतं की!" काकू उठल्या, वरच्या फळीवरून एक फाइल काढली आणि पहिली, बाईंडिंग न केलेली प्रत टेबलावर ठेवली. सातव्या संदर्भाशेजारी, डाव्या समासात, काकूंच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'हा नमुना आहे, बदलून घ्यावा.' दुसऱ्या प्रतीवरही त्यांनी तसंच लिहून दिलं होतं. पण सरांनी तिला स्पायरल घातला. ओळीतली निम्मी अक्षरं भोकांत गेली आणि निम्मी तारेखाली. झेरॉक्समध्ये तिथे नुसता काळा पट्टा येत होता. तो दीड इंचाचा समास, जो सर अकरा वर्षं पट्टीने मोजत आले होते, त्याच्याच पोटात सगळं दडलेलं होतं.

"मग तुम्ही अकरा वर्षं गप्प का बसलात?" वकिलाने विचारलं. तिचा आवाज चढला होता.

"पहिल्याच वर्षी सांगायला गेले होते. सर म्हणाले, टायपिंगवालीने टायपिंग करावं. मग म्हटलं, जळो. मला काय पडलंय." काकू फाइलच्या दोऱ्याशी चाळा करत राहिल्या. "आणि खरं सांगू? आधी गंमत वाटायची. दहावीनंतर माझं शिक्षण सुटलं, आणि आता दरवर्षी सत्तर मुलं माझंच नाव माझ्याचकडून टाइप करून नेतात. हळूहळू लाज वाटायला लागली. पण तोवर फार उशीर झाला होता."

फाइलमध्ये खात्याचं मूळ नियमांचं पत्रकही होतं. शाळेत ते कुणी कधी पाहिलं नव्हतं, सगळे नमुना प्रतीवरच चालत. वकिलाने ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचलं. किमान सात संदर्भ हवेत हे खरं होतं. पण पुढे लिहिलं होतं: पुस्तक, लेख, अहवाल किंवा प्रत्यक्ष मुलाखत.

"काकू," ती म्हणाली, "तुमचं नाव घातलं तर चालेल? खरंखुरं?"

काकूंना प्रश्नाचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. शाळेचं काम म्हणजे दुकानाचा निम्मा धंदा. त्यांनी सुतळीला बांधलेल्या स्टेपलरकडे पाहिलं, खिडकीतून समोरच्या शाळेकडे पाहिलं.

"जाईल ते जाईल," त्या म्हणाल्या. "घाल. पहिलं नावही पुरं घाल, नुसतं आद्याक्षर नको."

शुक्रवारी दुपारी वकिलाने निबंध पुन्हा सरांपुढे ठेवला. सरांनी पट्टी काढली, समास मोजले, एकवीस खुणा केल्या. शेवटचं पान उलटलं. सातव्या क्रमांकावर ओळखीचं आडनाव दिसलं तशी बाविसावी खूणही केली. "आली ना गाडी रुळावर?" असं म्हणून त्यांनी सहीसाठी पेन टेकवलं.

आता गप्प बसली असती तर सही झाली असती. निबंध सुखरूप खात्यात गेला असता आणि सरांना पत्ताही लागला नसता. वकिलाला हे पक्कं ठाऊक होतं. पण नजर चुकवून घेतलेली सही तिला नकोच होती.

"सर, आधी वाचा," ती म्हणाली.

"काय वाचायचं त्यात?"

"सातवा."

सरांनी वाचलं. आडनाव, नाव, चालू वर्ष. प्रत्यक्ष मुलाखत, टायपिंगचं दुकान, शाळेसमोर. 'निरीक्षणाची मूलतत्त्वे हे पुस्तक कधीही लिहिले गेलेले नाही, अशी माहिती त्याच्या लेखिकेने दिली.'

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, मग उगाचच पट्टीने तिचा समास मोजला. समास बरोबर होता.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"तिथेच लिहिलंय, सर. नाव, पत्ता आणि तारीख. तुम्हीच शिकवलंत, संदर्भ असा द्यायचा."

"सर, मग तो हिरवा पुठ्ठा?" मागून कुणीतरी विचारलं, आणि दाबलेलं हसू वर्गभर पसरलं.

वकील मात्र हसली नाही. सरांचा चेहरा बघून तिला क्षणभर वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता. एकदा "वाचलंय" म्हणून बसला होता आणि मग अकरा वर्षं त्या शब्दावरून खाली उतरायला त्याला जागा सापडली नव्हती. ती जागा आज तिने समोर आणून ठेवली होती. त्यांनी फक्त "चुकलो" म्हणायचं होतं.

सरांनी पेनाला टोपण लावलं. "सही मिळणार नाही. तो सातवा काढ, नाहीतर चालू लाग."

"कुठला नियम मोडलाय तेवढं सांगा, मी आत्ता काढते."

"माझा!" सर ओरडले.

"तो पत्रकात नाही, सर," असं म्हणून वकिलाने निबंध उचलला, दप्तर उचललं आणि ती वर्गाबाहेर पडली. पत्रकातला नववा नियम तिला तोंडपाठ होता आणि घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"काकू, प्रमाणपत्राचं पान नव्याने छापायचंय," ती दुकानात शिरता शिरता म्हणाली. "नियम नऊ. 'मार्गदर्शक म्हणून विषयातील जाणकार प्रौढ व्यक्तीची सही.' शिक्षकच हवा असं कुठेही म्हटलेलं नाही."

"मग कुणाची घेणार?"

वकील नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

"वेड लागलंय का तुला? दहावी झालेली बाई मी!"

"ते वाक्य तुमचंच आहे ना? निरीक्षण हा सर्व ज्ञानाचा पाया आहे? मी एकवीस दिवस दुसरं काय केलं, काकू?"

काकूंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. मग संगणकासमोर बसल्या, डावीकडे दीड इंच समास धरला आणि पान लावायला घेतलं. मार्गदर्शकाचं नाव टाइप केलं, आणि पुढच्या रकान्यावर बोटं थबकली. "शिक्षण काय लिहू?"

"आहे ते."

'दहावी उत्तीर्ण', काकूंनी टाइप केलं. माहेरच्या नावाने सही करायची सवय मोडून तीस वर्षं झाली होती. पहिल्या पानावर सासरचंच आडनाव उमटलं म्हणून ते फुकट गेलं, दुसरं छापलं. त्यावर सही चांगली, ठसठशीत आली. काकूंनी डोळे पुसले, दुकानाला कुलूप लावलं आणि दोघी जवळजवळ पळतच निघाल्या.

खात्याच्या खिडकीमागे एक पोक्त कारकून बसला होता. चारला अजून बारा मिनिटं होती. त्याने प्रमाणपत्राचं पान पाहिलं, चष्मा सारखा केला आणि खिडकीतून काकूंना न्याहाळलं.

"मार्गदर्शक तुम्ही? दहावी उत्तीर्ण?"

"हो," काकू म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि ताठ उभ्या राहिल्या.

"बाई, इथे जाणकार व्यक्ती हवी. तुम्ही जाणकार हे कशावरून?"

आयुष्यात पहिल्यांदाच वकिलाला तिचाच प्रश्न दुसऱ्या कुणाकडून ऐकायला मिळाला होता.

"काका, तुमच्या मागच्या कपाटात आमच्या शाळेचे जुने निबंध असतील ना?" ती म्हणाली. "कुठलाही एक काढा. शेवटचं पान, सातवा संदर्भ."

कारकुनाने कुरकुरत एक निबंध काढला. शेवटचं पान पाहिलं, प्रमाणपत्रावरची सही पाहिली. दुसरा काढला, तिसरा काढला. मग त्याच्या आवाजात एकदम अदब आली.

"अरे वा! सगळीकडे तुम्हीच आहात की. पुस्तक भारीच असणार, बाई."

"नाही हो," काकू म्हणाल्या. "ते लिहिलेलंच नाही मी. ही पोरगी तेच सांगायला आलीय. हिच्या निबंधात लिहिलंय सगळं, वाचा तुम्ही."

कारकून गोंधळला. त्याने नवा निबंध उघडला, सातवा संदर्भ वाचला आणि त्याच्या भुवया कपाळात गेल्या. त्याने नियमांचं पत्रक काढलं आणि एकेका नियमावरून बोट फिरवलं. काहीच मोडलेलं नव्हतं, आणि 'जाणकार' म्हणजे किती शिकलेला हे पत्रकातही कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याने शिक्का हातात घेतला. पण आता त्याचं कुतूहल जागं झालं होतं. शिक्का तसाच धरून त्याने पहिलं पान उलटलं आणि सारांश वाचायला लागला. सावकाश, ओठ हलवत, दीडशेच्या दीडशे शब्द.

"चौऱ्याण्णव मुलांना पाणी मिळतं," तो स्वतःशीच म्हणाला. मग मान वर करून त्याने वकिलाकडे पाहिलं. "आणि पंचाण्णवाव्याचं काय होतं गं?"

निबंध लिहायला घेतल्यापासून तिला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

"ते तसंच तहानलेलं वर्गात जातं, काका."

कारकुनाने शिक्का मारला. मग खिडकी तशीच उघडी ठेवून त्याने पुढचं पान उलटलं.